रुळाला थर्मामीटर आहे, माणसाला नाही

(मल्लेश्वरम, बंगळूर येथे झालेल्या मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मेळाव्याच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘हवामान बदलाचे अर्थकारण आणि कामगार’ असा विषय छापलेला पाहून काही साथींनी आम्हाला फोन केले. म्हणाले, ‘सेक्रेटरीसाहेब, महागाई भत्ता आहे, रिकाम्या जागा आहेत, कंत्राटीकरण आहे. एवढे प्रश्न दारात उभे असताना हे हवामान मध्येच कुठून काढले? आणि हा तर प्रोफेसर लोकांचा विषय!’

प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. विद्यापीठाची पायरी चढलो ती फक्त मोर्चाच्या निमित्ताने. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. कारण या प्रोफेसर लोकांच्या वहीत जो हिशेब मांडला जातो, त्यावर उद्या सरकारचे धोरण ठरते. धोरण ठरले की खर्च ठरतो. आणि खर्च ठरला की तो कोणाच्या नावावर टाकायचा हेही ठरते. त्या हिशेबात कामगाराची ओळच नसेल, तर फायद्याच्या बाजूला आपण कधीच दिसणार नाही. बिल मात्र न चुकता आपल्या पत्त्यावर येईल. एवढी एकच गोष्ट आम्हाला आज सांगायची आहे.

आपण बसलो आहोत ती जागा

ही गोष्ट सांगायला मल्लेश्वरम फार योग्य ठिकाण आहे. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना काडू मल्लेश्वराच्या देवळात नेतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याशी असलेले देवळाचे नाते अभिमानाने सांगतो. ते सांगावेच. पण इथल्या आणखी दोन गोष्टी पाहुण्यांना सांगत जा.

पलीकडे सँकी तलाव आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. म्हैसूर संस्थानात लाखो माणसे अन्नावाचून गेली. त्यानंतर १८८२ मध्ये कर्नल रिचर्ड सँकी यांनी शहराच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला. दुसरी गोष्ट खुद्द या मल्लेश्वरमची. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला. दाट वस्तीत माणसे पटापट दगावली. मग मोकळे रस्ते, हवा आणि गटारांची सोय असलेली ही नवी वस्ती आखण्यात आली.

म्हणजे आपण ज्या मांडवाखाली बसलो आहोत, ती जागाच संकटातून शिकून वसलेली आहे. पण साथींनो, ते शिकण्याची किंमत काय होती ते पाहा. आधी माणसे मेली, मग ती मोजली गेली, आणि मग तलाव झाला, रस्ते झाले. आम्हाला म्हणायचे आहे ते इतकेच, की या वेळी आपली मोजणी आपण जिवंत असतानाच झाली पाहिजे.

शेजारच्या संस्थेतील मराठी बाई

मल्लेश्वरमच्या शेजारीच भारतीय विज्ञान संस्था आहे. १९०९ साली सुरू झालेली. इथले जुने लोक तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकजण रोज तिच्या भिंतीजवळून डाक घेऊन जातात, यशवंतपूरच्या गाडीने तिच्या बाजूने जातात. त्या भिंतीआड एका मराठी बाईंनी आयुष्यभर पावसाचा अभ्यास केला. त्यांचे नाव डॉ. सुलोचना गाडगीळ.

त्या मूळच्या पुण्याच्या. जन्म १९४४ चा. अमेरिकेत हार्वर्डला गणितात डॉक्टरेट घेतली, १९७१ मध्ये मायदेशी परत आल्या आणि १९७३ पासून या संस्थेत राहिल्या. हवा आणि समुद्र यांच्या अभ्यासाचे केंद्र इथे उभे राहिले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. उपग्रहाने काढलेली ढगांची चित्रे रोजच्या रोज तपासून त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की पावसाळ्यात ढगांचे पट्टे समुद्रावर विषुववृत्ताजवळ तयार होतात आणि तिथून उत्तरेकडे, आपल्या जमिनीकडे सरकत येतात. २०२५ च्या जुलै महिन्यात त्या गेल्या. वर्तमानपत्रात बातमी आली. पण कामगारांच्या सभेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. म्हणून आज घेतो.

नाव घ्यायचे दुसरे कारण त्यांचा एक लेख आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात तो छापून आला. सुलोचनाबाई आणि त्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक सिद्धार्थ गाडगीळ, अशा दोघांनी तो लिहिला. १९५१ ते २००३ या वर्षांचा पाऊस एका बाजूला आणि देशाचे उत्पन्न व धान्याचे पीक दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी ताळा केला.

त्यावेळी शहाणे लोक काय म्हणत होते ते आठवा. देशाच्या उत्पन्नात शेतीचा हिस्सा घटत चालला आहे, कारखाने वाढले, सेवा वाढल्या, तेव्हा आता पाऊस पडो न पडो, देशाला फारसा धक्का नाही, असे म्हटले जाई. ऐकायला पटण्यासारखे. पण गाडगिळांच्या हिशेबात निघाले ते वेगळेच. मोठा दुष्काळ पडला की देशाच्या उत्पन्नाला २ ते ५ टक्के फटका बसतो. आणि शेतीचा हिस्सा एवढा घटूनही हा फटका कमी झालेला नाही!

असे का व्हावे? यासाठी डॉक्टरेट लागत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसेल तर तो सायकल घेत नाही, कापड घेत नाही, पत्रा घेत नाही, मुलीचे लग्न पुढे ढकलतो. मग कारखान्यातला माल पडून राहतो. मालगाडी कमी लागते. मनिऑर्डरचा ओघ उलटा होतो, म्हणजे शहरातला पोस्टमन किंवा पॉइंट्समन आपल्या पगारातून गावी जास्त पैसे धाडतो. आपल्यापैकी किती जणांनी दुष्काळाच्या वर्षी भावाच्या पिकाचे कर्ज आपल्या पतपेढीतून उचलून फेडले? हात वर करा म्हटले तर निम्मी सभा हात वर करील. दुष्काळ शेतात पडतो, पण त्याचा हप्ता आपल्या पगारपत्रकातून जातो.

त्या लेखात आणखी एक मुद्दा आहे. दुष्काळात जेवढे नुकसान होते, तेवढा फायदा चांगल्या पावसाच्या वर्षी होत नाही. आणि १९८० नंतर ही तफावत वाढली. याचे कारणही त्यांनी सांगितले. कोरडवाहू शेतकऱ्याला खत-औषधाचा खर्च परवडत नाही. पाऊस येईलच याची खात्री नसताना तो पैसा मातीत घालायला धजत नाही. मग पाऊस चांगला झाला तरी पीक जेवढे वाढायला हवे तेवढे वाढत नाही. शेतकरी आळशी नाही, अडाणीही नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. त्याच्यावरचा धोका वाटून घेणारे धोरण मात्र नाही.

सुलोचनाबाईंची कामाची एक पद्धत आम्हाला फार आवडली. कर्नाटकातील पावगडा आणि आंध्रातील अनंतपूर या कमी पावसाच्या पट्ट्यात त्या आणि त्यांचे सहकारी भुईमुगाच्या शेतकऱ्यांकडे गेले. ‘आम्ही सांगतो ते ऐका’ असे म्हणत गेले नाहीत. तुमच्यापुढे प्रश्न कोणते आहेत, कोणत्या दिवसांत पेरायचे यावर तुमचे अडते कुठे, असे विचारत गेले. शेतकऱ्याचा प्रश्न घेऊन त्या गणिताकडे वळल्या. विद्वानांनी कामगारांकडेही असेच यावे. पण ते आले तर त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काय आहे? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी आम्ही तिकडेच येणार आहोत.

टक्का कोण ठरवतो?

आता हवामानाच्या अर्थशास्त्राची एक खोच. त्याच वर्षी, २००६ मध्ये, ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी एक मोठा अहवाल दिला. हवामान बदल रोखायला आज खर्च करा, नाहीतर उद्याचे नुकसान त्याच्या कितीतरी पट होईल, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना याच विषयासाठी २०१८ मध्ये नोबेल मिळाले, त्यांचे स्टर्न यांच्याशी जमले नाही. ते म्हणाले, इतकी घाई नको, सुरुवात बेताने करा. दोघेही मोठे विद्वान. मग उत्तर वेगळे का?

जुन्या पेन्शनवाल्यांना हे लगेच समजेल. आपण पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकतो, म्हणजे कम्युटेशन करतो. पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. उद्याच्या पैशाची आज किंमत किती, याचा तिथे एक तक्ता असतो, आणि तक्त्यातला आकडा थोडा हलला की हातात येणारी रक्कम हलते. हवामानाचेही तसेच आहे. शंभर वर्षांनी होणारे १०० रुपयांचे नुकसान आज किती धरायचे? स्टर्न यांनी साधारण १.४ टक्के दर धरला. त्या दराने ते १०० रुपये आज सुमारे २५ रुपये होतात. नॉर्डहाउस यांनी धरलेला दर चार टक्क्यांच्या वरचा. साडेचार टक्के धरले तर तेच १०० रुपये आज सव्वा रुपया होतात! नातवंडांचे नुकसान पंचवीस रुपये की सव्वा रुपया, हे पावसाने ठरवलेले नाही. माणसाने ठरवलेल्या टक्क्याने ठरवले.

हे विद्वानांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. स्टर्न आणि नॉर्डहाउस दोघांनीही आपला टक्का उघड सांगितला, म्हणून तर आपल्याला तो कळला. सांगायचे एवढेच, की हिशेब म्हटला की त्यात कोणीतरी काहीतरी धरलेले असते आणि काहीतरी सोडलेले असते. वेतन आयोगाचा हिशेब आपण असाच तपासतो ना? दुधाचा भाव काय धरला, घरभाडे काय धरले, कुटुंबात माणसे किती धरली? हाही हिशेब त्याच नजरेने तपासायचा.

बिल कोणाच्या नावावर?

आता दोन उदाहरणे घरची.

पहिले महाराष्ट्राचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली. वि. स. पागे यांनी या योजनेचा पाठपुरावा केला, पुढे तिचा कायदा झाला. तिला पैसा कुठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला, तो या योजनेसाठी. महाराष्ट्रात नोकरी केलेल्या प्रत्येकाने आपले जुने पगारपत्रक काढून पाहावे. त्यात व्यवसाय कराची कपात आहे. म्हणजे ‘हवामान धोरण’ हा शब्द जन्मण्याआधी महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाने दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीत आपला वाटा दिला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा नमुना म्हणून महाराष्ट्राकडेच पाहिले गेले. आपण दिले याचे दुःख नाही, अभिमान आहे. पण आपण दिले हे कुठे नोंदले गेले का? आपल्यालाच ते किती जणांना माहीत होते?

दुसरे उदाहरण लातूरचे. एप्रिल २०१६. लातूरच्या नळाला पाणी नाही. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या गाडीला दहा वॅगन, प्रत्येकी ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर. पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या लागल्या आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. ‘जलदूत’ असे तिचे नाव पडले. वर्तमानपत्रात गाडीचे फोटो आले, पुढाऱ्यांचे आले. पण राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात त्या वॅगन आतून धुणारे, मिरजेत रात्री पाइप जोडणारे, लातूरला व्हॉल्व्ह उघडणारे, गाडीला वाट मोकळी करून देणारे कंट्रोलर, गार्ड, ड्रायव्हर हे कोण होते? ते आपलेच लोक होते. पुढे मे महिन्यात त्या वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवल्याची बातमी आली आणि एकच गलका झाला. आम्ही त्या वादात पडत नाही. पण एवढे तर दिसले, की दुष्काळ आला की शेवटी बिल फाडले जाते, आणि ते कोणी भरायचे हे आधी ठरलेले नसते.

आणखी एक बिल पुढे येणार आहे, त्याची पूर्वसूचना द्यायला हवी. रेल्वे जेवढा माल वाहते, त्यात वजनाने जवळजवळ निम्मा कोळसा आहे. २०१८ मध्ये ब्रुकिंग्ज इंडियाच्या राहुल तोंगिया आणि पुनीत कांबोज यांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मालाच्या, विशेषतः कोळशाच्या, जादा भाड्यातून प्रवासी भाड्याची तूट भरून निघते. आणि पुढे देशाचा कोळसा अपेक्षेइतका वाढला नाही तर रेल्वेच्या तिजोरीला त्याची झळ बसेल, असे त्यांनी दाखवले. सूर्याची आणि वाऱ्याची वीज यावी, धूर कमी व्हावा, हे आपल्यालाही हवे आहे. आपलीच मुले तो धूर खातात. पण कोळसा घटला की भाडेवाढ करायची, गाड्या बंद करायच्या, की माणसे कमी करायची, हे ठरवताना टेबलाच्या एका बाजूला कामगार असला पाहिजे. ते बोलणे आज सुरू झाले तर वाटाघाट होईल. दहा वर्षांनी सुरू झाले तर नुसती नोटीस येईल.

उन्हाचा हिशेब

आणि आता मूळ मुद्दा, ऊन.

बंगळुरात पूर्वी बदली झाली की लोक म्हणत, नशीबवान आहेस, पंखासुद्धा लागणार नाही. याच शहरात एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला. एप्रिल २०२४ मध्ये ३८.५ झाला. त्याच २०२४ च्या मार्चमध्ये पाण्याची ओरड झाली. शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. दर कडक उन्हाळ्याचे खापर हवामान बदलावर फोडू नये, हेही आम्हाला कळते. पाऊस-ऊन पूर्वीही कमी-जास्त होत होते. बोअर आटतात त्यात आपल्या बेसुमार उपशाचाही भाग आहे. पण तापमानाचा सरासरी आकडा वर चढतो आहे, याबद्दल शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला. उष्णतेमुळे १९९५ साली भारतात कामाचे ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० मध्ये ते ५.८ टक्के होतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे काम बुडेल, असा त्यांचा अंदाज आहे. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये आपल्या देशातील कारखान्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षाचे तापमान एक अंशाने वाढले की कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते. यंत्र थकत नाही, माणूस थकतो. उष्ण दिवसांत हात मंदावतो आणि गैरहजेरी वाढते.

ही माहिती वाचताना आम्हाला आमचा एक दिवस आठवला. आम्ही त्यावेळी ट्रॅकवर होतो. सेक्शनचे नाव सांगत नाही. मे महिना होता. लांब जोडलेल्या रुळांवर उन्हाळ्यात काय करतात ते इथल्या पी. वे. च्या साथींना ठाऊक आहे. रूळ तापून फुगतो, वाकायला बघतो. म्हणून रुळाला थर्मामीटर लावतात. ठरलेल्या तापमानाच्या वर वीस अंश झाले की उन्हाळी गस्त सुरू होते, कीमन भर दुपारी रुळावरून चालत जातो. त्या दिवशी मुकादमाने थर्मामीटर वाचला, वहीत आकडा लिहिला, गस्तीला माणूस पाठवला. सगळे नियमाप्रमाणे झाले. दीड-दोन तासांनी तो माणूस खडीवर बसलेला सापडला. बोलणे असंबद्ध, अंगाला घाम नाही, कातडी तव्यासारखी. आम्ही त्याला लिंबाच्या सावलीत नेले, पाण्याचे कॅन अंगावर ओतले. वाचला. पण कागदावर काय लागले? ‘प्रकृती अस्वास्थ्य’. दोन दिवसांची रजा त्याच्याच खात्यातून गेली. त्या वहीत रुळाचे तापमान दर तासाचे आहे. माणसाची ओळ एकही नाही.

आम्ही अधिकाऱ्यांना भेटलो. ते वाईट नव्हते. म्हणाले, ‘तुमच्याकडे काही रेकॉर्ड आहे का? अशा किती केसेस झाल्या?’ आम्ही गप्प झालो. केसेस झाल्या होत्या, रेकॉर्ड नव्हते. ते गप्प होणे आम्हाला आजही सलते.

टपाल खात्यातही हेच. पोस्टमनची बीट किलोमीटरमध्ये मोजली जाते, पत्रे नगामध्ये मोजली जातात. दुपारी एक वाजता संपिगे रोडच्या डांबरावरून थैली घेऊन जिने चढणाऱ्या भगिनीला किती वेळा चक्कर आली, हे कोणत्या रजिस्टरात आहे? खेड्यातला ग्रामीण डाक सेवक उन्हातून सायकलवर जातो, त्याची नोंद कुठे आहे?

वही घाला

साथींनो, मोजल्याने काय होते याचा पुरावा आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी इतर वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे झाल्याचे दिसले. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे इतर शहरांनी तो उचलला. मोजणी झाली म्हणून धोरण झाले. पण पुन्हा तेच! तिथेही मोजली गेली ती मेलेली माणसे.

जिवंत माणसांनी स्वतःला मोजून घेतल्याचे उदाहरण आपल्या मराठी कामगार चळवळीत आहे, आणि ते १४० वर्षांपूर्वीचे आहे. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. दुपारची विश्रांती, साथींनो! १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. लोखंड्यांकडे विद्यापीठ नव्हते. त्यांच्याकडे सह्या होत्या, अंगठे होते, म्हणजे मोजणी होती.

तेव्हा आमचे सांगणे असे. येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक शाखेने एक साधी दोनशे पानी वही घालावी. तिच्यावर ‘उन्हाची वही’ असे लिहावे. मार्च ते जून रोज चार ओळी. तारीख आणि ठिकाण. काम किती ते किती वाजेपर्यंत चालले, आणि वेधशाळेने सांगितलेले त्या दिवसाचे तापमान. पिण्याचे पाणी आणि सावली होती की नव्हती. कोणाला चक्कर, उलटी, पेटके आले का, आणि त्याची रजा कोणाच्या खात्यातून गेली. नाव लिहू नका, नुसते पद लिहा. कोणाला त्रास होता कामा नये. आणि कंत्राटी कामगाराला सोडू नका. त्याला तर रजेचे खातेही नाही. तो आजारी पडला की त्या दिवसाची मजुरीच गेली.

एक उन्हाळा अशी वही भरली की आपण दोन दरवाजे ठोठावू. पहिला प्रशासनाचा. कामाची वेळ सकाळकडे सरकवा, सावलीचा तंबू आणि पाणी कामाच्या जागी द्या, उष्माघात हा कामावरची इजा म्हणून धरा, अशा आपल्या मागण्या आहेत. पुन्हा कोणी ‘रेकॉर्ड आहे का’ म्हणून विचारले, तर या वेळी आपण गप्प बसणार नाही. दुसरा दरवाजा शेजारच्या विज्ञान संस्थेसारख्या संस्थांचा. प्रोफेसरसाहेब, तुमचे गणित घ्या आणि आमची वही घ्या, दोन्ही एकत्र मांडा, असे आपण सांगू. सुलोचनाबाई भुईमुगाच्या शेतात प्रश्न विचारत गेल्या. आपण आपला प्रश्न घेऊन त्यांच्या विद्यार्थ्यांकडे जाऊ. त्यात कमीपणा काही नाही.

काही साथी म्हणतील, आमच्या बापजाद्यांनी याच उन्हात रूळ टाकले, त्यांनी कुठे वही घातली? खरे आहे. त्यांनी टाकले. पण त्या कामात किती माणसे गेली, हेही कुठे लिहिलेले नाही, म्हणून आपल्याला आज ते सांगता येत नाही. आपल्या नातवंडांवर ही वेळ येऊ नये.

मेळावा संपल्यावर दाराशी टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. शाखेच्या नावाने सही करून प्रत्येक शाखा सचिवाने एक वही घेऊन जावी. तिचे पैसे युनियनने भरले आहेत. हे एक बिल तरी आपण आपल्या मर्जीने भरले!

कामगार एकजुटीचा विजय असो!